मासा गळाला लागला की दरवेळी तंगूस तुटतो. जाड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पाच किलो ताण सोसणारा तंगूस (गळाचा दोर) लावूनही पानशेतला दोनदा तुटला. जाड घेऊ नका, आधी रीळ बघा. माझाही एक कटला असाच गेला होता. तेव्हा तंगूस विकणाऱ्याच्या नावाने मी खडकवासल्यापर्यंत शिव्या घालत आलो. चौपाटीवर भजी खाताना सहज रिळावरचं बटण फिरवून बघितलं, तर ते पार आवळलेलं!

स्पूल म्हणजे रिळाचा दोर गुंडाळलेला भाग, त्याच्या पुढचं ते गोल बटण म्हणजे ड्रॅग. माशाने जोर लावला की स्पूल फिरून दोर सुटायला हवा, एवढंच त्याचं काम. आपण मात्र झाकण लावल्यासारखं ते पिळून टाकतो. ड्रॅग तंगूसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात, म्हणजे पाच किलोला साधारण दीड किलो. मोजायला काटा नको. दीड लिटरची बाटली पाण्याने भरा, दोराला बांधा, रॉडचं टोक सरळ खाली धरून उचला. बाटली हळूहळू खाली सरकली की ड्रॅग बरोबर. (हे गॅलरीतून करू नका, खालच्या काकू भेटायला येतात.) घरी आल्यावर बटण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी दोर झटके देत सुटतो.

स्पूलच्या कडेला छोटी क्लिप असते. घरी दोराचं टोक अडकवायला ती आहेच, पण एकाच अंतरावर परत परत गळ टाकायलाही कामाला येते. मात्र गळ पाण्यात पडला की दोर क्लिपमधून काढायचा. विसरलात तर ड्रॅग कितीही सैल असला तरी दोर सुटणार नाही.

गळ फेकल्यावर रिळावरची दोर अडवणारी उघडी तार हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा. दोराला पीळ कमी बसतो, गुंता कमी होतो. रॉडच्या कड्यांमधून कानात घालायची कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर तिथे चीर आहे, आणि तीच दोर कापते. आणि हो, जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेव्हा बसण्याआधी तिथे विचारून घ्या.

आता गाठ. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो.

पुन्हा तुटलाच तर उरलेलं टोक नीट बघा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. खरखरीत, पिंजल्यासारखं असेल तर दगडावर किंवा त्या चिरलेल्या कडीवर घासलं. नुसतंच तुटलेलं दिसलं, तर बाटली भरा आणि ड्रॅग पुन्हा बघा.