खोटा फोन कुणाचा, रात्र कुणाची

डलासहून एका ताईंचं पत्र आलं आहे. गाव ओळखू येईल असं गाळून बाकी त्यांच्याच शब्दांत देतो.

"माझी आई यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. वय ७६. मी एकुलती एक. वावर सालदार पाहतो. तो फासेपारधी आहे. तो, त्याची बायको आणि लहान लेकरू आमच्या गोठ्यालगतच्या खोल्यांत राहतात. आईचं औषधपाणी त्याची बायकोच बघते. मागच्या महिन्यात रात्री उशिरा पोलिसांची गाडी दारात आली. पारध्यानं म्हातारीला कोंडून मारलं, सोनं काढून घेतलं, असा फोन कुणीतरी ११२ वर केला होता. आईनंच दार उघडलं. हातातल्या पाटल्या जागच्या जागी होत्या. तरी सालदाराला ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. तोवर त्याची बायको लेकराला घेऊन ठाण्याबाहेर बसून होती. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, चुलतभावाशी आमचा वाद आहे, म्हणून संशय त्याच्यावर. नातेवाईक म्हणतात, लचांड नको, सालदार बदला. आई म्हणते, 'आता म्या कोनालेच फोन नाही लावत.' माझा चौदा वर्षांचा मुलगा हे ऐकून म्हणाला, 'हे तर स्वॅटिंग झालं.' मी इथून काय करू?"

ताई, तुमच्या मुलानं बरोबर ओळखलं. खोटा फोन करून दुसऱ्याच्या दारात हत्यारबंद पोलीस धाडायचे, याला स्वॅटिंग म्हणतात. तुम्ही राहता त्या देशात हा प्रकार जुना आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटात जे झालं ते त्याला माहीत नसेल तर सांगा. ऑनलाइन खेळातली दीड डॉलरची पैज, त्यावरून दोघांचं वाजलं. एकानं दुसऱ्याला डिवचून पत्ता दिला, तोही आपल्या जुन्या घराचा. मग लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्यानं विचिटाच्या पोलिसांना फोन लावला, की मी बापाला गोळी घातली आहे आणि घरातल्यांना ओलीस धरलं आहे. पोलिसांनी घर वेढलं. आत राहणारा २८ वर्षांचा तरुण बाहेर कसला गलका आहे म्हणून दारात आला आणि गोळी लागून मेला. त्याचा त्या खेळाशी, पैजेशी, भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये टेनेसीत साठीच्या एका आजोबांचं ट्विटरवरचं नाव काही पोरांना हवं होतं. ते देईनात म्हणून त्यांच्या पत्त्यावर खून झाल्याचा फोन गेला. दारात बंदुका रोखलेले पोलीस पाहून त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. तो फोन ब्रिटनमधल्या एका अल्पवयीन मुलानं केला होता.

आपल्याकडे पोलीस बंदूक रोखून दारात येत नाहीत, हे आपलं नशीब. पण यंत्रणा तशीच आहे. महाराष्ट्रात ११२ ही सेवा २०२१ पासून आहे. फोन नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याला आणि जवळच्या गाडीला निरोप मिळतो. समोरचा खरं बोलतो की खोटं हे फोन घेणाऱ्यानं पारखत बसायचं नसतं, आणि तसं बसूही नये. नवऱ्याच्या मारातून सुटून चोरून बोलणारी बाई धड वाक्यही जुळवू शकत नाही. तिला उलटतपासणी परवडणार नाही. या विश्वासाचाच खोटं बोलणारा फायदा घेतो.

आता तुमच्या सालदाराकडे बघा. वाद तुमचा, धुरा तुमचा, शत्रू असलाच तर तुमचा. ठाण्यात रात्र मात्र त्यानं काढली. फोन करणाऱ्यानं 'सालदारानं' असं न म्हणता 'पारध्यानं' म्हटलं, ते उगाच नाही. काय बोललं की गाडी निघते आणि कुणाला उचलतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायद्यातून गेला. ठाण्यातून, चावडीवरून आणि आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. म्हणून सांगतो, सालदार बदलू नका. आज त्याला काढलंत तर गाव एवढंच म्हणेल की काहीतरी असेलच. फोन करणाऱ्याला जे हवं होतं ते तुमच्या हातून होईल.

सगळ्यात आधी त्याला आणि त्याच्या बायकोला फोन करा. आईमार्फत निरोप नको, तुम्ही स्वतः बोला. तिकडे काय झालं, कुणी हात लावला का, कागदावर अंगठा किंवा सही घेतली का, मोबाइल ठेवून घेतला का, हे विचारा आणि ऐकून घ्या. ते लगेच सांगणार नाहीत. "काही नाही झालं ताई" म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा करा. त्याच्या नावानं एखादा चॅप्टर केसचा, म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेणाऱ्या कारवाईचा, कागद झाला असेल तर तो पुढे वर्षानुवर्षं नडतो, दर सणाला ठाण्यात हजेरी लावायला बोलावतात. ते आताच पाहून घ्यायला हवं. तो अनुसूचित जमातीचा आहे, त्यामुळे मिळकत किती हे न विचारता त्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं, आणि देशभरासाठी त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

आईनं ठाणेदाराला साधा लेखी जबाब द्यावा, की मला कुणी कोंडलं नाही, मारलं नाही, काही चोरीला गेलं नाही, हा माणूस माझ्याकडे इतकी वर्षं आहे. पोच घ्यायची. म्हातारं माणूस ठाण्याची पायरी चढायला कचरतं, म्हणून पोलीस पाटलाला सोबत न्या, किंवा बीटच्या जमादारालाच घरी बोलवा. त्या अर्जातच मागणी टाका की तो फोन कुठल्या क्रमांकावरून आला याची नोंद आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावं आणि खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई करावी. एक प्रत पोलीस अधीक्षकांना.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ अशा खोट्या माहितीसाठी आहे. एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंडविधानाचं कलम १८२ होतं आणि शिक्षा सहा महिने होती. गोम अशी, की हा खटला तुम्ही किंवा आई थेट उभा करू शकत नाही. ज्या शासकीय सेवकाला खोटं सांगितलं, त्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. मनस्ताप तुम्हाला झाला, पण कायद्याच्या लेखी फसवले गेले ते पोलीस. म्हणून तर अर्जाचा पाठपुरावा करायचा, नाहीतर ठाण्यात 'गैरसमजातून आलेला कॉल' अशी नोंद होते आणि फाइल बंद.

दुसरा रस्ता सालदाराचा स्वतःचा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्ध शासकीय सेवकाला खोटी माहिती देऊन त्याला त्रास करवला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(क्यू) लागतं. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं. मात्र फोन करणारा स्वतः त्या वर्गांतला नसावा. तपासही साध्या हवालदाराकडे न राहता पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. हे कलम मी तुम्हाला जरा बिचकतच सांगतो आहे. कारण ते ऐकून तुमचे डोळे चमकतील, 'आता दाखवते चुलतभावाला'. तसं करू नका. तक्रार द्यायची की नाही हे त्या नवरा-बायकोनं ठरवायचं. तुम्ही डलासला आहात. त्यांना त्याच गावच्या विहिरीवर, त्याच किराणा दुकानात जायचं आहे. तुमच्या धुऱ्याच्या भांडणात त्यांच्या जातीचा दाखला हत्यार म्हणून वापरला जाऊ नये. त्यांनी ठरवलं तर मात्र वकिलाचा आणि गाडीभाड्याचा खर्च तुमचा.

चुलतभावाचं नाव अर्जात लिहू नका. क्रमांक पोलिसांकडे आहे, नाव त्यांना काढू द्या. पुराव्याशिवाय तुम्ही नाव घेतलंत तर तुम्हीही त्या फोनवाल्याच्याच वाटेनं निघालात असं होईल. धुऱ्याचं म्हणाल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा, सरकारी मोजणी होऊन खुणा गाडल्या गेल्या की या असल्या फोनांची निम्मी हौस जिरते.

आता आईचं. मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्यांच्या त्या एका वाक्याची वाटली. पावसाळ्यात वावरात कुणाला पान लागलं, रात्री छातीत कळ आली, आणि "नको, पुन्हा गाडी आली तर पारध्याच्या पोराला नेतील" म्हणून त्यांनी १०८ लावलाच नाही, तर? साप चावल्यावर दवाखाना लवकर गाठणं हाच उपाय आहे. त्यांना नुसतं "घाबरू नको" म्हणून चालणार नाही. पोलीस पाटील किंवा ठाणेदारानं एकदा घरी येऊन, सालदाराच्या समोर, बाजेवर बसून दोन शब्द बोलावे. एवढ्यानं फरक पडतो. अर्जातच तशी विनंती करा. गावची आशाताई आठवड्याला डोकावून जाईल असं बघा. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते, पोलीस नाही, हेही समजावून सांगा. खेड्यात हा गोंधळ खूप आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, तोही मोठ्या अक्षरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. परदेशातून ११२ किंवा १०८ दाबलं तर भारतातली गाडी निघत नाही. युरोपात तर ११२ हा तिकडचाच आपत्कालीन क्रमांक आहे. म्हणून ठाण्याचा लँडलाइन, जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, पोलीस पाटील, आशाताई आणि एक जवळचा शेजारी, हे सगळे देशाच्या कोडसह फोनमध्ये हवेत. आणि आईनं फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला सांगायचं, "जरा बघून या." "छातीत दुखतंय म्हणून कळवा, लवकर येतील" असं सांगायचं नाही. हा सल्ला मी शिकल्यासवरल्या लेकरांच्या तोंडून ऐकला आहे. आई वाड्याच्या मागे कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशेब करत असते आणि फोन चार्जिंगला लावलेला असतो. १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ९३७ गाड्या होत्या. तुमच्या दाराशी विनाकारण उभी असलेली गाडी त्या वेळी दुसऱ्या गावातल्या अडलेल्या बाळंतिणीची असू शकते. काळजीपोटी मारलेली थाप असली तरी त्या बाळंतिणीला त्याचं काय?

मुलाशीही बोला. त्याला शब्द माहीत आहे म्हणजे त्याच्या शाळेत, खेळाच्या ग्रुपमध्ये त्याची चर्चा आहे. ओरडू नका. विचारा, कुणी कुणाला तशी धमकी दिली आहे का, तुमचा पत्ता कुठे टाकला आहे का. सालदाराच्या लेकराशी त्याची सुट्टीतली ओळख असेल तर त्याला सांगा, त्या रात्री ते लेकरू ठाण्याबाहेर होतं.

शेवटचं, पैशांचं. ठाण्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नका, हे सांगायला नको. पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्याकडे साल गुढीपाडव्याला ठरतं. या पाडव्याला बोलणी होतील तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हजर राहा, आई, पोलीस पाटील आणि चार लोक बसलेले असताना. सालाचा आकडा वाढवून सांगा, खोल्यांचं पत्र्याचं काम तुमच्या खर्चानं करून देते म्हणून सांगा, आणि चुलतभाऊ त्या चार लोकांत बसलेला असला तरी आवाज खाली आणू नका.