फ्लोअर मऊ लागतोय, बोट घेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही तिघं मित्र डेट्रॉइटजवळ राहतो, उन्हाळ्यात लेक सेंट क्लेअरवर फिरायला कॉन्ट्री काढून एक जुनी बोट घ्यायचं चाललंय. एक सापडलीय, 1996 ची 19 फुटी बोरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असते ती), 4.3 लिटरचं व्ही-6 इंजिन, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर), ट्रेलरसकट 4,500 डॉलर म्हणतोय. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, सीटकव्हर नवीकोरी, दिसायला एकदम चकाचक. फक्त ड्रायव्हरच्या सीटमागे फ्लोअर पायाखाली दबतो, आणि मागे ड्राइव्ह बसवलाय तिथल्या कोपऱ्यांत बारीक तडे दिसले. मालक म्हणतो प्लायवूडचं एक शीट टाका की झालं. एक मित्र घाई करतोय, सीझन चाललाय म्हणून. काय करावं?

उत्तर: त्या किमतीला तर अजिबात घेऊ नका. आणि मित्राला सांगा, मिशिगनमध्ये उन्हाळा छोटा असला तरी पुढच्या वर्षी परत येतो.

वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तसली ही बोट असायची शक्यता बरीच आहे. बाहेरून फायबरग्लास दिसतं म्हणून आपल्याला वाटतं यात कुजणार काय, पण त्या काळच्या बऱ्याचशा बोटींच्या पोटात लाकूडच आहे. मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम, तिच्यात दीड-दोन इंच जाड प्लायवूड, फ्लोअर प्लायवूडचा, आणि फ्लोअरखाली पुढून मागे जाणारे लांब पाट, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, तेही लाकडाचे, वरून फक्त फायबर गुंडाळलेलं. हे सगळं शाबूत असतं तोवर बोट कडक राहते. पण कोणीतरी शिडी लावताना, फिशफाइंडरचा सेन्सर लावताना स्क्रू मारतो, भोकात सीलंट भरत नाही, आणि तिथून पाणी झिरपत राहतं. शिवाय तुमच्याकडचा हिवाळा, आत मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि प्लायवूडचे थर सुटायला लागतात.

फ्लोअर मऊ आहे हा खरा प्रश्न नाहीच, फ्लोअर कापून नवा टाकता येतो. प्रश्न हा की फ्लोअर कुजेपर्यंत पाणी खाली कुठे जाऊन बसलं? 20 फुटांपेक्षा लहान बोटी पाणी भरलं तरी तरंगत राहाव्यात असा अमेरिकेत 1970 च्या दशकापासून नियम आहे, त्यासाठी फ्लोअरखाली फोम भरतात. तो फोम वर्षानुवर्षं ओलीत राहिला की पाणी धरून बसतो, सुकत म्हणून नाही, आणि त्याला चिकटलेले स्ट्रिंगर कुजत जातात. म्हणजे ज्याने बोट तरंगायची तेच ओझं होऊन बसतं. हे तपासायची एक मस्त युक्ती आहे, बोट ट्रेलरसकट ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर न्या, ट्रेलर आणि पेट्रोलचं वजन वजा करा (पेट्रोल गॅलनला साधारण 6 पाउंड) आणि कंपनीच्या जुन्या ब्रोशरमधल्या वजनाशी ताडून बघा. सामानसुमान धरूनही तीन-चारशे पाउंड जास्त भरली तर तुम्ही बोटीबरोबर पाणीही विकत घेताय.

मग मागे या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम ठोकत जा, चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भद्द. इंजिनचं कव्हर उघडून पुढचे माउंट बघा, ते स्ट्रिंगरवर मोठ्या लॅग बोल्टनी बसवलेले असतात. मालकाला विचारून त्यातल्या एकाला पाना लावा, आवळला न जाता नुसता गोल फिरत राहिला तर खाली लाकूड उरलेलंच नाही समजा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या बोटीत इंजिन पुढे स्ट्रिंगरवर आणि मागे ट्रान्समवर टेकलेलं आहे, दोन्हीपैकी एक जरी खचलं तरी इंजिन आणि ड्राइव्हची रेष बिघडते, मग आधी दोघांना जोडणारा कपलर आणि बेअरिंग खातं आणि मग तुमचे पैसे. तुम्ही पाहिलेले कोपऱ्यातले तडे कधीकधी नुसते जेलकोटचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे असतात, पण मऊ फ्लोअरच्या जोडीला असले की मी तरी ते वरवरचे मानणार नाही.

शेवटची परीक्षा ड्रिलची. आतल्या बाजूने, ड्रेन प्लगच्या (पाणी सोडायच्या बुचाच्या) जरा वर, ट्रान्सममध्ये एक छोटं भोक पाडायचं, आरपार नाही. भुसा पांढरट आणि कोरडा आला तर बोलणी पुढे न्या. काळपट, ओला, बोटात चिकटणारा लगदा आला तर चहा न घेता निघा. भोक नंतर इपॉक्सीने बुजवता येतं. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. सॅम्स किंवा नॅम्सचा (या बोट तपासनिसांच्या संघटना) सर्व्हेअर बोलावलात तर उत्तम, पण फ्लोअर असा असताना त्याची फी भरायच्या आधी हे घरगुती प्रकार उरकून घ्या.

स्वतः दुरुस्त करू म्हणत असाल तर काम ऐका: इंजिन बाहेर, फ्लोअर कापायचा, ओला फोम खरवडून काढायचा, मास्क घालून फायबर घासायचं (खाज दोन दिवस जात नाही), मग नवं प्लायवूड इपॉक्सीत बसवून वर कापडाचे थर. त्यातही हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, खालून नीट आधार देऊन ठेवला नाही आणि सगळे स्ट्रिंगर एकदम काढले तर हलचा आकारच बदलतो, मग बोट सरळ धावत नाही. थंड गॅरेजमध्ये इपॉक्सी धड सेट होत नाही, म्हणजे नेमका उन्हाळाच यात जाणार. दुकानात दिलंत तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तरीही मन अडकलं असेल तर हलची किंमत शून्य धरा, चालू इंजिन, ड्राइव्ह आणि ट्रेलर यांचे सुटे म्हणून जे येतील तेवढेच बोला. आणि पैसे द्यायच्या आधी बोटीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, आणि ट्रेलरचे कागद त्याच्याच नावावर आहेत ना बघा, ट्रान्समवर उजवीकडे 12 अक्षरी हल नंबर असतो, तो कागदाशी जुळला पाहिजे.

प्रश्न: तारकर्लीला पर्यटकांसाठी जुनी फायबर बोट घेतोय, आउटबोर्ड, म्हणजे मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेलं इंजिन आहे. आम्हालाही हेच लागू का?

उत्तर: बऱ्याच अंशी हो, ट्रान्सममध्ये प्लायवूड तुमच्याकडेही असू शकतं. इंजिन वर टिल्ट करा आणि खालच्या टोकाला धरून जोर देऊन हलवा, दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा, भिंत इंजिनाबरोबर झुकली तर सोडून द्या. पावसाळ्यात बोट कशी ठेवत होते तेही विचारा. ताडपत्रीखाली, नाळ उंच करून, ड्रेन प्लग काढून ठेवली असेल तर ठीक, प्लग लावून चार महिने पाणी साठू दिलं असेल तर वरचा नवा रंग बघू नका. आणि लोकांना बसवणार आहात, तेव्हा मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेत पास झाली तरच पैसे, असं आधीच ठरवून घ्या.