मोठा अंमलबजावणी का येतं?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. कळ दाबली की ‘एकात्मिक कौशल्य आराखडा’, ‘शाश्वत संसाधन सक्षमीकरण’ असं काहीतरी भारदस्त पडद्यावर येतं. मी एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. त्यातला एक शब्दप्रयोग गंमत म्हणून परिपत्रकाच्या मसुद्यात घातला, तर तो तसाच सही होऊन आला! हे चालतं कसं? आणि यादीत ‘मोठा’, ‘नवा’ घातले की ‘मोठा अंमलबजावणी’ असं का येतं?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, मुलाला त्याच्या याद्या दाखवायला सांगा. तीन असतील. प्रोग्रॅम चिठ्ठी उचलावी तसा प्रत्येक यादीतून एक शब्द उचलतो आणि तिन्ही ओळीने मांडतो. अर्थाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. दहा-दहा शब्दांच्या याद्या असल्या तरी १००० शब्दप्रयोग तयार होतात. यासाठी संगणकही लागत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले अधिकारी फिलिप ब्रॉटन यांनी असाच तक्ता कागदावर केला होता : तीन रकाने, प्रत्येकात ० ते ९ क्रमांकांचे शब्द. कुठलीही तीन आकडी संख्या मनात धरायची आणि त्या क्रमांकांचे शब्द जोडायचे. १९६८ मध्ये ‘न्यूजवीक’ने तो छापला.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. ‘मोठा’ हे आकारान्त विशेषण, ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं : मोठा आराखडा, मोठी अंमलबजावणी, मोठं धोरण. ‘एकात्मिक’, ‘शाश्वत’, ‘सर्वंकष’, ‘बहुआयामी’ हे शब्द बदलत नाहीत. पुढे कोणतंही नाम ठेवा, जोड बसते. म्हणूनच कार्यालयीन मराठी यंत्राला इतकी सोपी जाते. आपण घरात, शेतात वापरतो ते मोठा, कोरडा, ताजा, उरलेला हे शब्द पुढचं नाम बघितल्याशिवाय उभेच राहत नाहीत. मुलाला सांगा, अशा विशेषणाची तिन्ही रूपं साठव, प्रत्येक नामापुढे त्याचं लिंग लिही, आणि आधी नाम उचलून मग विशेषणाचं रूप निवड. दहा-बारा ओळींचं काम आहे, पण व्याकरणाच्या तासाला शिकणार नाही इतकं तो त्यातून शिकेल.

आता परिपत्रकाबद्दल. मी २२ वर्षं सातपूरला यंत्रदुरुस्तीत काढली, पण घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं आणि वडिलांच्या हाती एक सल्लापत्रक पडलं : ‘समन्वित संरक्षणात्मक उपाययोजनांची प्रभावी अंमलबजावणी करावी.’ त्यांनी मला विचारलं, “म्हणजे आज फवारू का उद्या?” पत्रक दोनदा वाचूनही मला सांगता येईना. विचारपूस करण्यात दोन दिवस गेले. तोवर पानांवर तेलकट डाग उमटले होते. डावणी, द्राक्षवेलीवरचा रोग. तो हंगाम हातचा गेला आणि त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

जड शब्द म्हणजे पोकळ शब्द, असं मात्र समजू नका. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ याला नेमका अर्थ आहे : सापळे, मित्रकीटक, मशागत आणि गरजेपुरतं औषध यांची सांगड. तिथे ‘एकात्मिक’ काढून ‘बहुआयामी’ घातलं तर जाणकार शेतकरी लगेच विचारेल, हे काय नवीन? त्या सल्लापत्रकात ‘समन्वित’च्या जागी ‘सर्वंकष’ घातलं असतं तर कोणीच काही विचारलं नसतं. मुलाच्या याद्यांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तुमच्या मसुद्यातलं वाक्य घ्या, त्यातला शब्द काढून त्याच यादीतला दुसरा घाला. वाचणाऱ्याला फरक जाणवला नाही तर ते वाक्य खोडा.

सही झालेल्या परिपत्रकातला तो शब्दप्रयोग कुठून आला, हे साहेबांना उद्याच सांगा. रागावले तरी सांगा, कारण खाली कोणीतरी त्याप्रमाणे वागायचा प्रयत्न करत असेल. शुद्धिपत्रक काढायला लागलं तर त्यात एवढंच लिहा : कोणत्या पाळीने, कोणत्या यंत्रावर, काय करायचं आणि किती वाजेपर्यंत.