ओहोटीच्या वाळूचा सातबारा

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर व्हाइटहेवनच्या इस्पितळात डॉक्टर आहे. तिथले जुने रस्ते वहीतल्या चौकटींसारखे सरळ, आणि त्यातला एक मोठा म्हणजे लॉदर स्ट्रीट. घरमालकीण सांगत होती, हा लॉदर जमीनदार, पण राहायचा लंडनला. लंडनला बसून गाव कसं वसवतात हो? कवठेमहांकाळला माझी पाच एकर आहे. सांगलीत बसून तिचा बांधही सांभाळता येत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तलाठी कार्यालयात तीस वर्षं काढल्यामुळे बांधाचं दुःख मला सांगू नका! लॉदरचं मात्र ऐका.

सर जॉन लॉदरच्या नावावर ही मालमत्ता चढली १६४४ साली. वय वर्षं दोन. जमीन मूळची सेंट बीजच्या मठाची. आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि ती खाजगी हातांत गेली. १६३३ मध्ये इथे नऊ गवताच्या छपरांची घरं होती म्हणतात. वडील ख्रिस्तोफर डब्लिनशी व्यापार करायचे, धक्का त्यांनीच बांधला. जमिनीखाली कोळसा, समोर आयर्लंड, आणि डब्लिनकरांच्या चुलीला सरपण कमी. पोराच्या पदरात पडलं ते एवढं.

पोरगा मोठा होऊन १६६५ला पार्लमेंटात गेला, पुढे आरमाराच्या मंडळावरही बसला. मुक्काम लंडनला. गावात कारभारी थॉमस टिकेल. मग सुरू झाली पत्रं. खाण, खंड, धक्का, जहाजं, कुळांची भांडणं, सगळं कागदावर, आणि वर्षानुवर्षं. १६९२ला टिकेल वारला, पुढे विल्यम गिल्पिन आला, पत्रं चालूच. आपल्याकडे वाटेकऱ्याला दिवाळीला एक फोन करून आपण मोकळे होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण नुसत्या पत्रांनी भागलं असतं असं मला वाटत नाही. खरी मेख दरबारात होती. १६६६ मध्ये त्याने राजाकडून व्हाइटहेवनच्या भरती-ओहोटीमधल्या पट्टीची सनद मिळवली आणि १६७८ मध्ये ती उत्तरेला दोन मैल वाढवून घेतली. आमच्या भाषेत, वाळूचा सातबारा! त्या वाळूत काय पिकणार? काहीच नाही. पण उत्तरेला मैलभरावर पार्टन आहे, आणि तिथे दुसऱ्यांना आपला कोळसा चढवायला धक्का हवा होता. धक्क्याचा पाय रोवायचा तर त्याच पट्टीत. लॉदर जिवंत होता तोवर त्यांची डाळ फारशी शिजली नाही. तो १७०६ला गेला आणि त्याच वर्षी पार्टनच्या बंदराचा कायदा झाला.

जहाजांचा धोका त्याने बहुतेक दुसऱ्यांवर सोडला. ती तिथल्या कप्तानांची नि व्यापाऱ्यांची, हिश्श्यांत घेतलेली. याचा कोळसा पोत्यांतून घोड्यांच्या पाठीवर बंदरात यायचा आणि त्यांच्या जहाजात चढायचा. घरांचंही तसंच. आखून दिलेल्या रेषेवर प्लॉट घ्या, भुईभाडं भरा, घर स्वतःच्या पैशाने बांधा. पण तीन मजली, दारं-खिडक्यांना घडीव दगड, आणि दर्शनी भिंत शेजाऱ्याच्या रांगेत. मुलीला दिसलेली चौकट ती हीच. १६९३पर्यंत वस्ती सुमारे २,२०० झाली.

घरात मात्र त्याचं जमलं नाही. थोरला मुलगा ख्रिस्तोफर (आजोबांचंच नाव) उधळा, म्हणून त्याला बाजूला सारून सगळं धाकट्या जेम्सला दिलं. जेम्सच्या काळातली सॉल्टम खाण १७३१च्या सुमारास समुद्रतळाखाली गेली. तिचे अवशेष किनाऱ्याला आहेत, मुलीला बघायला सांगा. आणि सेंट निकोलस चर्चच्या आवारातही जाऊ दे. जॉर्ज वॉशिंग्टनची आजी मिल्ड्रेड तिथे पुरलेली आहे. विधवा झाल्यावर तिने व्हाइटहेवनच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं होतं.

राहिला तुमचा बांध. मोजणीचा अर्ज टाका, लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं नीट भरा. तारखेची नोटीस आली की त्या दिवशी मात्र सांगलीत बसू नका.