चित्रकला येत नसताना वॉटरकलरची साधी नक्षी रंगवून खरंच डोकं शांत होतं का? सुरुवातीला काय काय घ्यावं?

होतं. पण "चित्रकला येत नसताना" हे तुम्ही आधीच लिहून मोकळे झालात ना, तिथंच माझं डोकं फिरलं.

एलिमेंटरीला नक्षीकामाच्या पेपरात माझा निळा शेजारच्या पिवळ्यात घुसला आणि सगळा हिरवा राडा झाला. सर म्हणाले, "रंग सपाट बसला पाहिजे, पोरी." दादाला ए ग्रेड. तेव्हापासनं आमच्या घरात चित्रकला म्हणजे दादा. मी परत ब्रश धरला तो थेट ऑगस्ट २०१९ ला.

त्या महापुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गावभागातलं आमचं घर पाण्यात, आम्ही विश्रामबागला दादाकडं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "आता किती फूट?" भाचीची केक कलरची डबी आणि ड्रॉइंगची वही पडलेली दिसली. कपाच्या बुडानं गोल आखले नि भरत बसले. पिवळा गोल ओला असतानाच शेजारी निळा टेकवला. टेकला तिथनं निळा सुळकन आत गेला, मुळ्या फुटाव्यात तसा. वाळल्यावर कडेला बारीक गडद रेघ. ज्याचे मार्क कापले तोच राडा! लगेच दुसरा केला, मग तिसरा. वहीचं पान भरलं तेव्हा लक्षात आलं, अर्धा तास मी फूट विचारले नव्हते.

दादा डोकावून म्हणाला, "घरात पाणी, आणि ही पाण्याशीच खेळतीय. बालवाडी नुसती."

सामानाचं म्हणाल तर पैसे कागदावर घाला, रंग साधे चालतात. लोक बरोबर उलटं करतात. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, वहीचा पातळ कागद फुगून वेडावाकडा होतो. ६ नंबरचा गोल ब्रश, तीन रंग. पांढरा घेऊच नका, कागद कोरा सोडा. रंग मिसळायला नको असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात त्याला वेळ लागतो.

व्हिडिओ बघून हुबेहूब फुलं काढायला जाल तर डोकं उलट तापेल. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप काही लागली नाही, अर्धा तास सुटला एवढंच. रोजच झोप उडत असेल तर डॉक्टर गाठा, रंगाच्या भरवशावर राहू नका.

दादाचं ए ग्रेडचं सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. त्यानं शेवटचा ब्रश धरला तो त्याच भिंतीला डिस्टेंपर मारताना.