बदली होऊन सांगलीत आलो आहोत. स्थानिक कला, चांगले खाणे आणि घरच्यांसाठी वेळ, हे तिन्ही एका शनिवार-रविवारात कसे बसवावे?

तुम्ही लिहिले आहे की पुण्याहून येऊन तुम्हाला तीन महिने झाले, घरात दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, आणि दर शनिवारी सकाळी 'आज कुठे जायचे' या एकाच प्रश्नावर घरात तासभर खल होऊन शेवटी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. तुमचा प्रश्न वाचताना मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. मी सोलापूरहून लग्न होऊन येथे आले त्याला चोवीस वर्षे झाली. तेव्हा मलाही वाटे की या गावात हळदीचा बाजार आणि गणपतीचे देऊळ सोडले तर पाहण्यासारखे काही नाही.

तुमच्या तिन्ही गोष्टी बसतात. मात्र कलेसाठी एक फेरी, खाण्यासाठी दुसरी आणि घरच्यांसाठी तिसरी अशी विभागणी करायला गेलात तर एकही धड होत नाही. आम्ही हे करून पाहिले आहे. एका रविवारी पहाटे निघून औदुंबर, तेथून तासगावचा गणपती आणि परतीच्या वाटेने नरसोबाची वाडी असा बेत आखला होता. तासगावच्या पुढे मुलाला गाडी लागली, सासऱ्यांचे गुडघे धरले, वाडीत बासुंदी समोर आली तेव्हा कोणाच्याच तोंडाला चव उरली नव्हती, आणि सोमवारी सकाळी मी कामावर गेले ती रविवारचा शीण काढायलाच. त्यानंतर घरात एक पद्धत पडली, ती आजवर टिकली आहे: एका आठवड्याला एकच ठिकाण, तेही अर्ध्या दिवसाचे, आणि तेथून येताना जे काही आणले असेल ते दुसऱ्या वेळी घरी सगळ्यांनी मिळून रांधायचे.

सुरुवात मिरजेपासून करावी असे मी सुचवीन. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर असलेल्या या गावात सतार आणि तंबोरा तयार करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा त्यांतील काहींनी तोच हात वाद्यांकडे वळवला, आणि आज त्यांची सहावी-सातवी पिढी तेच काम करते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या बातमीपेक्षा एखाद्या दुकानाच्या मागच्या बाजूला असलेला कारखाना पाहणे अधिक मोलाचे आहे. छतापासून जमिनीपर्यंत वाळलेले भोपळे टांगलेले असतात. हे आपल्या भाजीतले भोपळे नव्हेत. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला ते खास वाद्यांसाठी पिकवले जातात, चवीला कडू असतात, आणि वेलीवरून उतरल्यावर कित्येक महिने वाळवल्याशिवाय त्यांना हत्यार लावत नाहीत. मग तो कापायचा, भिजवून मऊ करायचा, आतून काटक्यांचा ताण देऊन हवा तो आकार धरायला लावायचा, आणि वाळल्यावर त्याला लाकडाची दांडी आणि तबली, म्हणजे तोंडावरची लाकडी फळी, बसवायची. दहा वर्षांच्या मुलीला हे सगळे एका फेरीत दिसणार नाही, आणि ते बरेच आहे, कारण दुसऱ्यांदा जाण्याला निमित्त राहते.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही प्रथम गेलो. कारागीर आमच्याशी बोलत असताना याने शेजारी ठेवलेल्या तंबोऱ्याची खुंटी पिळली आणि तार ताडकन तुटली. मी शरमेने अर्धी झाले. ते गृहस्थ मात्र रागावले नाहीत. त्यांनी नवी तार चढवली, ती सुरात आणली, आणि मुलाला जवळ बसवून त्याच्या हातात सुताचा एक बोटभर दोरा दिला. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेच्या खाली तो दोरा सरकवायचा होता. तार छेडली की प्रथम नुसता ठण असा आवाज येई. दोरा केसभर पुढे-मागे करता करता एका जागी तीच तार अशी काही गुंजू लागली की एका सुरातून चार सूर उमटत आहेत असे वाटावे. "लागली बघ जवारी," ते म्हणाले. तारेच्या या गुंजण्यालाच जवारी म्हणतात. मुलाने तो दोरा पुढे अनेक वर्षे कंपासपेटीत जपून ठेवला होता. तो गायक झाला नाही, वादकही झाला नाही, पण आजही कुठे तंबोरा ऐकला की त्याचे लक्ष आधी घोडीकडे जाते. जाण्यापूर्वी फोन करून विचारावे, काम चालू असताना मध्ये मध्ये बोलू नये, आणि काही विकत घ्यायचे नसेल तर तसे प्रथमच सांगून टाकावे. मग तेही मोकळेपणाने दाखवतात.

मिरजेचा दुसरा भाग म्हणजे गाणे. शास्त्रीय गायनातील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र संगीतसभा चालते. तिला तिकीट नाही, सतरंजीवर जागा मिळेल तेथे बसायचे, आणि नामवंत कलाकारही येथे सेवा म्हणून गातात. नवरात्रात मिरजेतल्याच अंबाबाईच्या देवळातही असाच संगीत महोत्सव असतो. तुमच्या सासूबाईंना खाली बसणे जमत नसेल तर घरून एक घडीची खुर्ची न्यावी. कोणी काही म्हणत नाही, उलट शेजारचा माणूस सरकून जागा करून देतो. उरूस चांद्र पंचांगाप्रमाणे येतो, त्यामुळे दरवर्षी त्याची तारीख मागे सरकते. ती आधी विचारून घ्यावी. मुलगी मध्येच झोपली तर झोपू द्यावी. आमचा मुलगा दर्ग्यात जितका गाढ झोपला तितका घरच्या गादीवर कधी झोपला नाही.

आता नाटक. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले, आणि त्याच स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. भावे स्वतः लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या करीत असत, ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा. नाटकाच्या इतिहासापेक्षा मुलांना बाहुल्यांत अधिक रस असतो आणि त्यात काही चूक नाही. त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके येतात, ती तुम्ही पुण्यात पाहिलेली असतील, त्यामुळे त्यांच्यासाठी मी आग्रह धरणार नाही. माझा आग्रह राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा आहे. बँकेतला कारकून, शाळेतले सर, औषधाच्या दुकानातला मुलगा असे लोक दिवसभराचे काम आटोपून महिनोन्महिने तालीम करून येथे उभे राहतात. तिकीट नाममात्र असते. कधी नाटक फसते, कधी प्रकाश चुकीच्या माणसावर पडतो, आणि कधी असा एखादा प्रवेश होतो की सगळे नाट्यगृह श्वास रोखून बसते. शिवाय दुसऱ्या दिवशी तोच राजा तुम्हाला भाजी मंडईत मेथीची जुडी निवडताना भेटतो, हे सुख मोठ्या शहरात मिळत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही 'चांगली हॉटेले सुचवा' असे लिहिले आहे. मटणाची ताटे आणि मिसळ यांसाठी शेजाऱ्यांना विचारा. प्रत्येकाचे एक ठाम मत असते आणि ते ऐकण्यातही अर्धा तास छान जातो. मला सांगायचे आहे ते हरिपूरचे. गावापासून चार-पाच किलोमीटरवर, जेथे वारणा कृष्णेला मिळते तेथे संगमेश्वराचे देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. थंडीत शनिवारी साडेचार-पाचला निघा, देवळात सासूबाईंना निवांत बसू द्या, संगमावर सूर्य उतरताना पाहा. पाण्यात मात्र कोणी उतरू नये, कारण कृष्णेत मगरी आहेत आणि ही गोष्ट मी केवळ मुलांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. याच गावात जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची रीत होती. हवा बंद झाल्यामुळे हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नसे, आणि म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसे. २००५ च्या महापुरात यांतील बहुसंख्य पेवे निकामी झाली. जुन्या माणसांना विचारलेत तर ते जागा दाखवतात, आणि एकदा बोलू लागले की सहसा थांबत नाहीत.

परतताना दोन वस्तू घ्या. एक म्हणजे हळकुंडे, जी घरी दळून आणली की पाकिटातली हळद पुन्हा घ्यावीशी वाटत नाही. दुसरी म्हणजे कृष्णाकाठची वांगी. ही वांगी लहान, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात. हिवाळ्यात ती मंडईत सकाळी लवकर मिळतात, दहानंतर उरतात ती जून. रविवारी सकाळी मुलीला शेंगदाणे भाजून सोलायला बसवा, सासूबाईंना मसाला वाटण्याचे अध्यक्षपद द्या, आणि यजमानांना वांग्यांना अधिक चिन्हासारख्या चिरा द्यायला लावा, देठ न तोडता. कूट, तीळ, भाजलेला कांदा, गूळ, चिंच आणि चटणी भरून लोखंडी कढईत मंद आचेवर झाकण ठेवा. येथे एक खुलासा करायला हवा: या भागात 'चटणी' म्हणजे पुण्यातली ताटाच्या डाव्या बाजूची चटणी नव्हे, तर उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवलेला कांदा-लसणाचा लाल मसाला. मी पहिल्याच आठवड्यात जाऊबाईंनी "दोन चमचे चटणी घाल" म्हटल्यावर शेंगदाण्याची चटणी घातली होती, आणि त्या आमटीचा उल्लेख अजूनही लग्नकार्यांत होतो. सोबत ज्वारीची भाकरी. मुलीची पहिली भाकरी नकाशासारखी होईल, तरी ती तव्यावर टाकू द्या.

भडंगाविषयी दोन ओळी. हे चुरमुऱ्यांचे असते, पण त्याचे चुरमुरे जाड आणि टपोरे असतात, त्यात लसूण, शेंगदाणे, तिखट, मीठ आणि किंचित साखर असते. पाकिटातून कोरडेच खाणारे लोक त्याच्यावर अन्याय करतात. कांदा बारीक चिरून, कोथिंबीर घालून, लिंबू पिळून लगेच खावे, कारण पाच मिनिटांत ते मऊ पडते. शनिवारी संध्याकाळी डबा, चिरलेला कांदा आणि एक पातेले घेऊन माई घाटाच्या पायऱ्यांवर बसा आणि तेथेच कालवा. समोर १९२९ मध्ये उघडलेला आयर्विन पूल दिसतो. आमच्या घरातले बरेचसे महत्त्वाचे निर्णय याच पायऱ्यांवर झाले आहेत, मुलाने शास्त्र शाखा सोडण्याचासुद्धा.

लांबच्या सहलींपैकी दोनच सांगते. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर कोल्हापूर जिल्ह्यात येते, पण सांगलीहून सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येते. तेथील स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही, वर्तुळाकार मोकळे आकाश आहे, आणि देवासमोर नंदी नाही. तो का नाही याची कथा सासूबाईंना ठाऊक असण्याचा पुष्कळ संभव आहे, तेव्हा ती त्यांनाच सांगू द्यावी. जाताना किंवा येताना नरसोबाच्या वाडीला थांबून कवठाची बर्फी घ्यावी. दुसरे ठिकाण सातारा जिल्ह्यातील औंध. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प एकाच छताखाली आहे. त्याला मात्र पूर्ण दिवस लागतो, आणि डोंगरावरच्या यमाईपर्यंत चढण आहे, म्हणून ते मुलगी आणखी थोडी मोठी झाल्यावर किंवा सासूबाईंची तयारी असेल तेव्हाच.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, नदीकाठचे बेत ठेवू नका. २०१९ चा पूर पाहिलेला कोणीही सांगलीकर त्या दिवसांत घाटाकडे करमणूक म्हणून जात नाही. ते आठवडे मिरजेच्या गल्लीसाठी ठेवा. दमट हवेत वाद्यांची सगळीच कामे तेवढी चालत नाहीत, त्यामुळे कारागिरांना बोलायला थोडी अधिक सवड असते. आणि राज्य नाट्य स्पर्धेला जाल तेव्हा सासूबाईंसाठी कडेची खुर्ची मागून घ्या, म्हणजे मध्यंतरात सगळ्यांच्या पायांवरून जावे लागणार नाही.