खार्टुमहून थेट पुण्यात तिसऱ्या वर्षाला?

नमस्कार काकू, पत्र वाचलं. तुमच्या कोंढव्याच्या फ्लॅटमधे राहणाऱ्या सुदानी मुलीचा भाऊ खार्टुम विद्यापीठात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता, युद्धात सगळं सोडून कैरोला गेला, आणि आता त्याला पुण्यात थेट तिसऱ्या वर्षाला घेतील का, डोनेशन पडलं तरी चालेल, असं तुम्ही विचारलंय. भाडेकरूसाठी एवढी धडपड कोण करतं हो!

नाही घेणार. परदेशात अर्धवट राहिलेलं एमबीबीएस इथे मधल्या वर्षापासून पुढे सुरू करता येत नाही, युक्रेनहून परतलेल्या आपल्या पोरांनाही हेच ऐकावं लागलं होतं. पहिल्या वर्षापासून करायचं म्हटलं तर परदेशी विद्यार्थ्यालाही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा चुकत नाही. तेव्हा सेटिंग करून देतो म्हणणारा कोणी भेटलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, एक रुपया देऊ नका.

मला विचाराल तर त्याने तीच डिग्री पुरी करावी. खार्टुम विद्यापीठ म्हणजे १९०२ चं गॉर्डन कॉलेज, १९२४ चं किचनर मेडिकल स्कूल, १९५६ ला विद्यापीठ, काल उघडलेलं दुकान नाही ते. १५ एप्रिल २०२३ ला लढाई भर शहरातच पेटली, कॅम्पसची वाट लागली हे खरं, पण तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांनी नंतर ऑनलाइन वर्ग घेतले, देशाबाहेर परीक्षा केंद्रं काढली, एका खाजगी मेडिकल विद्यापीठाने तर पोरं रवांडाला नेऊन शिकवली. मार्च २०२५ मधे सैन्याने खार्टुम परत घेतलं, पण म्हणून लगेच बॅग भरून परत जा असं मी म्हणणार नाही, बाहेर राहून जेवढं होईल तेवढं करावं.

खरा घोळ कागदांचा आहे. मागे एक सुदानी मुलगा माझ्याकडे आला होता, मार्कशीट कुठेय विचारलं तर मोबाइलमधला फोटो दाखवला, तोही हललेला, आणि शिक्क्यावर कोणाचा तरी अंगठा. त्यावर कुठलं ऑफिस फाइल पुढे सरकवणार? म्हणून दोन वर्षांच्या मार्कशीट विद्यापीठाकडून नव्याने मागवायच्या आणि तिकडच्या उच्च शिक्षण खात्याचा शिक्का घ्यायचा, हे आधी, बाकी सगळं नंतर.

मेडिकल नकोच झालं असेल तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी वगैरे आहे, परदेशी विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या आयसीसीआरची स्कॉलरशिप आहे, पण तीही पहिल्या वर्षापासून आणि गेलेली वर्षं गेलीच. सुदानी पोरं पुण्यात कित्येक वर्षं शिकतायत, त्याच्या ताईला, म्हणजे तुमच्या भाडेकरूला, सगळं माहीत असेलच. (खडकवासल्याला एनडीएचा सुदान ब्लॉक आहे ना, तो दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढलेल्या आपल्या जवानांसाठी सुदानने दिलेल्या पैशातून झालाय, तिला सांगा, खूश होईल.)

तेवढं तिच्याकडून विचारून घ्या की त्याच्या बॅचचा ग्रुप चालू आहे का, आणि त्याच्या वर्गातल्या कोणी बाहेरच्या केंद्रावर परीक्षा दिलीय का. मग मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर.